शाळा सुटली, तरी दहावीची वाट खुली

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. परंतु त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे या वयोगटापुरतेच आहे. वयानुरूप वर्गात उशिरा दाखल झालेल्या मुलास चौदा वर्षे उलटल्यावरही आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करता येते, एवढीच काय ती सवलत. शाळा सुटण्याचा खरा धोका मात्र त्यानंतरच वाढतो. ऊसतोडीसाठी गाव सोडणारे कुटुंब, घरातील आजारपण, लांबचे हायस्कूल, मुलीच्या लग्नाची घाई अशी कारणे निरनिराळी असतात. पटावरून नाव कमी झाले की शिक्षण संपले, हा समज मात्र सगळीकडे सारखाच, आणि तो चुकीचा आहे.

राज्यात सर्वाधिक परिचित असलेला मार्ग म्हणजे '१७ नंबरचा अर्ज'. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी तो भरावा लागतो. किमान पाचवी उत्तीर्ण असणे, वयाची चौदा वर्षे पूर्ण असणे आणि शाळा सोडलेली असणे या त्यातील मुख्य अटी होत. अर्ज ऑनलाइन भरला जातो. विद्यार्थ्यास एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका नियमित विद्यार्थ्यांच्याच. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली, तरी अर्जाची मुदत त्याआधी कित्येक महिने, बहुधा पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर चौकशीला जाणाऱ्यांच्या पदरी पुष्कळदा विलंब शुल्क तरी पडते, नाहीतर वर्ष तरी वाया जाते.

ज्यांना सर्व विषय एकदम झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच 'एनआयओएस', अधिक सोयीची ठरते. तिच्या दहावीसाठीही किमान वय चौदाच आहे. आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास, अभ्यास करण्याइतके शिक्षण झाले असल्याचे स्वयंघोषणापत्र चालते. नोंदणी पाच वर्षे वैध राहते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मराठी माध्यमही उपलब्ध आहे. पाच विषय स्वतः निवडता येत असल्याने अनेकजण गणित व विज्ञान टाळतात. येथे सावध राहणे बरे. आयटीआयमधील बरेच व्यवसाय दहावीला हे दोन्ही विषय असल्याविना मिळत नाहीत. आज वाचवलेले कष्ट दोन वर्षांनी महागात पडू शकतात.

पुस्तक हाती दिले म्हणजे मूल आपोआप अभ्यास करील, असे मात्र नाही. बहिःस्थ विद्यार्थ्यांची खरी अडचण शिकवणारे कोणी नसणे हीच असते. दिवसा काम करणाऱ्यांना मुंबई-पुण्यातील रात्रशाळांचा आधार यासाठीच मोठा आहे. तेथे राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम संध्याकाळच्या काही तासांत शिकवला जातो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी १८५५ मध्ये रात्रशाळा सुरू केली होती. ही परंपरा इतकी जुनी आहे. रात्री एकटीने परतण्याच्या काळजीने मुली तेथे कमी दिसतात, आणि ग्रामीण भागात तर ही सोय जवळजवळ नाहीच.

हाताला कसब हवे असणाऱ्यांना चौदा वर्षांनंतर आयटीआयचा पर्याय आहे. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, प्लंबर अशा काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण असणे पुरते.

'नापासांनो, एका महिन्यात दहावी' अशा जाहिरातींपासून पालकांनी दूर राहावे. मान्यताप्राप्त मंडळांशी मिळतीजुळती नावे धारण केलेली बनावट मंडळे देशात आढळली आहेत. पैसे भरण्यापूर्वी राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयात चौकशी केल्यास फसवणूक टळते. अकरावी, आयटीआय वा नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र नाकारले गेले, तर गेलेली वर्षे कोणी भरून देत नाही.

१७ नंबरच्या अर्जासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. स्थलांतर करणारी कुटुंबे तो घेण्यासाठी पुष्कळदा शाळेकडे फिरकतच नाहीत. दाखला हरवला असल्यास शाळेकडून द्वितीय प्रत घेऊन सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्यावरील नाव, आईचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. दुरुस्तीस वेळ लागतो आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.