औषधचिठ्ठीचे मोल

इंग्लंडमधील औषधाच्या दुकानांत फार्मासिस्टना एक प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो : यांपैकी कोणते औषध नाही घेतले तर चालेल? डॉक्टरांनी लिहून दिलेली सगळीच औषधे आवश्यक असतात. अडचण पैशांची असते. तपासणी, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील वास्तव्य यांसाठी रुग्णाकडून पैसे न घेणारी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) इंग्लंडमध्ये औषधचिठ्ठीवर मात्र आकार घेते. मे २०२४ मध्ये हा आकार प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड झाला आणि २०२५ मध्ये तोच कायम ठेवण्यात आला. औषध स्वस्त असो वा महाग, आकारात फरक नाही. तीन औषधांची चिठ्ठी असेल, तर २९.७० पौंड.

५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा औषधेही मोफत होती. १९५१ मध्ये चष्मे आणि दातांच्या कवळ्यांवर आकार बसविण्याचे ठरताच सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्यांत हॅरॉल्ड विल्सनही होते. १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग आकार आला. पुढे विल्सन पंतप्रधान झाल्यावर त्यांच्याच सरकारने तो १९६५ मध्ये रद्द केला आणि आर्थिक ओढगस्तीत १९६८ मध्ये, औषधामागे अडीच शिलिंग या दराने, पुन्हा लागू केला. गरिबांना झळ पोहोचू नये म्हणून तेव्हा सवलतींची यादी करण्यात आली. आजच्या तक्रारींचे मूळ बव्हंशी या यादीतच आहे.

सोळा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील नागरिक, गरोदर स्त्रिया आणि ठरावीक सरकारी साहाय्य घेणारे यांना औषधे मोफत मिळतात. त्यामुळे इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या सुमारे नव्वद टक्के औषधांवर आकार पडतच नाही, हा आकाराच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असतो. वरकरणी तो बिनतोड वाटतो. प्रश्न उरलेल्या दहा टक्क्यांचा आहे, आणि त्यांत केवळ सुखवस्तू लोक नाहीत.

आजारांची यादी पाहिली की विसंगती स्पष्ट होते. मधुमेह (केवळ पथ्यावर भागत नसेल तर), अपस्मार, थायरॉईड ग्रंथीची मंदता अशा मोजक्या विकारांना १९६८ पासून सूट आहे. दमा, हृदयविकार, पार्किन्सन, संधिवात यांना ती नाही. सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण त्या काळी क्वचितच प्रौढ वयापर्यंत जगत; त्यामुळे यादीत त्यांचा विचार झाला नाही. उपचार सुधारले, रुग्ण जगू लागले, यादी मात्र तशीच राहिली. २००९ मध्ये त्यात कर्करोगाची भर पडली, एवढाच बदल. शिवाय ही सूट आजाराच्या औषधापुरती नसून रुग्णाच्या सर्व औषधांना लागू होते. परिणामी गोळ्या घेणाऱ्या सधन मधुमेही गृहस्थाला घसादुखीचे औषधही फुकट, तर तुटपुंज्या पगारावरील दमेकऱ्याला श्वासाच्या औषधासाठीही पैसे. प्रा. इयान गिलमोर यांच्या समितीने सर्व दीर्घकालीन आजारांना सूट द्यावी, अशी शिफारस केली होती. तिचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच वर्षी आलेल्या सरकारने ती स्वीकारली नाही.

सर्वाधिक कोंडी होते ती अगदी गरीब नसलेल्यांची. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणाऱ्याची हातात येणारी मासिक कमाई ४३५ पौंडांपर्यंत असेल तरच औषध मोफत. मूल असल्यास किंवा आजारपणामुळे कामाची क्षमता मर्यादित असल्यास ही मर्यादा ९३५ पौंड. एखाद्या महिन्यात जास्त तास काम मिळाले, की सूट गेली. अल्प उत्पन्न योजनेखाली वेगळा अर्ज करता येतो. पण लांबलचक अर्ज भरणे आजारी माणसाला सोपे नसते. वर्षाला ११४.५० पौंड आगाऊ भरून हवी तितकी औषधे घेण्याचीही सोय आहे. बारा औषधांतच ती परवडू लागते आणि हप्तेही पाडून मिळतात. मात्र हे सांगणारे कोणी भेटावे लागते.

पैशांची चणचण असलेला रुग्ण काटकसर कुठे करतो, हे दम्याच्या उदाहरणावरून कळते. धाप थांबविणारा इनहेलर तो सोडत नाही, कारण त्याचा गुण लगेच दिसतो. सोडला जातो तो रोज घ्यावयाचा, श्वासनलिकेची सूज रोखणारा दुसरा इनहेलर. पुढचा झटका त्यातूनच येतो आणि त्यावरचा रुग्णालयातील खर्च सेवेलाच सोसावा लागतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९६ मध्ये वृद्ध आणि सरकारी साहाय्यावरील नागरिकांवर औषधखर्चाचा वाटा टाकला, तेव्हा अत्यावश्यक औषधांचा वापर वृद्धांत सुमारे नऊ, तर साहाय्यावरील गटात सुमारे चौदा टक्क्यांनी घटला. तातडीच्या विभागातील फेऱ्या वाढल्या.

इंग्लंडमध्ये चुकीच्या चौकटीत खूण करणाऱ्यास मूळ आकाराखेरीज १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. औषधे व दंतोपचार मिळून २०१४ पासून अशा सुमारे १७ लाख नोटिसा बजावून नंतर मागे घ्याव्या लागल्या, कारण ती माणसे सवलतीस पात्रच होती. हे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये दाखवून दिले. नोटीस पाहून घाबरून पैसे भरणाऱ्यांची गणना अर्थातच त्यात नाही.

वेल्सने २००७, उत्तर आयर्लंडने २०१० आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हा आकार रद्द केला. पुण्या-मुंबईहून ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवलेला बरा. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असला, तरी इंग्लंडमध्ये औषधांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. एडिंबरा वा कार्डिफमध्ये शिकणाऱ्याला ते द्यावे लागत नाहीत.