छापखाना कोणाचा?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, ही गोष्ट आपण भाषणांतून वारंवार सांगतो. पुढची गोष्ट मात्र सांगत नाही. बाबासाहेब जाहिरात नाकारल्याचा निषेध करून थांबले नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले, पुढे भारतभूषण छापखाना उभा राहिला. म्हणजे खिळे, यंत्र, शाई, जुळारी आणि कागदाची उधारी ही सारी कटकट चळवळीने आपल्या अंगावर घेतली. विचार आपला आणि यंत्र परक्याचे, ही सोय किती दिवस टिकते हे त्या पिढीला ठाऊक होते.

आपण ते विसरलो आहोत. आमच्या मंडळाने जुन्या जलशांच्या ध्वनिफिती, परिषदांची छायाचित्रे, हस्तलिखित पत्रके असा ठेवा आठ वर्षे एका बड्या कंपनीच्या जागेवर चढवला. एका सकाळी ते खाते बंद झालेले दिसले. विचारणा केली तर यंत्राने लिहिलेले उत्तर आले. माणूस शेवटपर्यंत भेटला नाही. मूळ फिती दोन घरांत मिळाल्या, बाकीच्या पावसाने खाल्ल्या होत्या. चूक कंपनीची होती तशी आमचीही होती. फुकट मिळालेली जागा आम्ही मालकीची समजलो.

असे यापूर्वीही झाले आहे. लाखो लोकांनी हौसेने उभारलेली पाने ‘जिओसिटीज’सोबत २००९ मध्ये गेली. आपल्याकडच्या तरुणांचा आवडता ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाला. मालकाला परवडेनासे झाले की भाडेकरूने जायचे, हा तिथला कायदा.

मग स्वतःचा छापखाना का नाही? सर्व्हर म्हणजे काही देवघर नव्हे. सतत चालू असलेला, मागेल त्याला फाईल देणारा तो एक संगणक. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ आला. मंडळाचा ग्रंथसंग्रह सांभाळायला तेवढाही चालतो. आज्ञावली तर फुकट आणि खुली आहे. अडते ते दुसरीकडे. ‘वर्डप्रेस’ची (२००३) पाच मिनिटांत बसवणूक प्रसिद्ध आहे, पण ती पाच मिनिटे सुरू होण्यापूर्वी डोमेन, डेटाबेस आणि फाईलींच्या परवानग्या समजाव्या लागतात. मार्गदर्शिका बहुधा ज्याला आधीच येते त्याच्यासाठी लिहिलेल्या असतात. ही रीत आपल्या ओळखीची आहे. ज्ञान उघड्यावर ठेवायचे आणि त्याची पायरी मात्र उंच बांधायची.

पायरी खाली आणण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे. फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कला कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी एका व्याख्यानात मांडले की प्रत्येकाच्या घरी स्वतःचा छोटा सर्व्हर असावा. त्यातून ‘फ्रीडमबॉक्स’ जन्मला. २०१२ मध्ये फ्रान्समधून ‘युनोहोस्ट’ आले. यादीतले अॅप निवडा, कळ दाबा, बसले. २०१४ मध्ये ‘सँडस्टॉर्म’ने लोकवर्गणी काढून प्रत्येक दस्तऐवज वेगळ्या कप्प्यात बंद ठेवण्याची सुरेख कल्पना आणली. कल्पना उत्तम, पण धंदा चालला नाही. २०१७ मध्ये कंपनी आवरली आणि काम स्वयंसेवकांकडे गेले. २०१५ च्या डिसेंबरात ‘लेट्स एन्क्रिप्ट’ सर्वांसाठी खुले झाले आणि पूर्वी पैसे मोजून घ्यावे लागणारे सुरक्षेचे प्रमाणपत्र फुकट मिळू लागले. तेही नव्वद दिवसांचे, म्हणजे नूतनीकरण यंत्रानेच करावे लागते. माझ्या मते नवख्याचे खरे ओझे कोणी उतरवले असेल तर याने. गाजावाजा मात्र इतरांचाच झाला.

तरी दोन अडचणी उरतात. पहिली पत्त्याची. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटी, ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून पुष्कळ कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक दाटीवाटीने बसवतात. अशा घरातला सर्व्हर बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला त्याचे दार सापडत नाही. (जाहीर पत्ता नसणे आपल्याला नवे नाही!) यावर मध्यस्थ सेवेची वाट आहे, किंवा थोडे भाडे भरून दूरच्या केंद्रातला संगणक घ्यायचा. भाडे म्हटल्यावर पुन्हा मालक आलाच. परंतु आज्ञावली आणि माहितीची प्रत आपल्या हाती असली तर एका मालकाकडून उठून दुसऱ्याकडे जाता येते. आठ वर्षांच्या त्या ठेव्याबाबत आम्हाला हेच करता आले नाही.

दुसरी अडचण देखभालीची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. बसवणे एका कळीचे झाले. सांभाळणे अजून झालेले नाही. सुधारणा न चढवलेला सर्व्हर म्हणजे कुलूप न लावलेले वाचनालय. शिवाय जे काम एकाच हुशार पोराला येते ते त्याला नोकरी लागताच संपते. छापखान्यात जुळारी एकापेक्षा अधिक लागत, हे विसरू नये.

म्हणून आम्ही विहारात चौघांना बसवले: दोन शिक्षिका, एक रिक्षावाला, एक बी.ए.ची विद्यार्थिनी. सूचना मराठीत, वहीत, त्यांच्याच हस्ताक्षरात. दर रविवारी एकजण सुधारणा चढवतो, दुसरा प्रत काढून दुसऱ्या घरी नेतो. गेल्या महिन्यात मी मुद्दाम डिस्क काढून ठेवली आणि सांगितले, आता उभे करा. विद्यार्थिनीने वही उघडली. दोन तास लागले, एकदा पासवर्ड चुकला, आणि मग कपाटावरच्या त्या डब्यातून जलशाची ढोलकी वाजू लागली. रिक्षावाल्या दादांनी वहीत तारीख घातली आणि खाली लिहिले : पासवर्ड दोन ठिकाणी ठेवणे.