बाबासाहेब आणि कराचा न्याय



२४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी सरकारला धारेवर धरलं. इन्कमटॅक्स ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो. मग एक एकरवाला आणि जहागीरदार यांना शेतसारा एकाच दरानं का? पीक बुडालं तरी गरिबाला सारा चुकत नव्हता.

आजही नामपूरच्या बाजारात साबणाच्या वडीवर मजूर आणि बागायतदार सारखाच कर भरतात. दर सारखा, पण भार सारखा कुठे? मजुराच्या शंभरातले दहा गेले तर भाकरी कमी होते. धनवानाच्या लाखातले दहा हजार गेले तरी ताट भरलेलंच.

विहाराला दान आपण ऐपतीप्रमाणे, राजीखुशीनं देतो. कर सक्तीचा असतो, म्हणून तर तो ऐपत पाहूनच घेतला पाहिजे.

जय भीम!