तीन तास आधी

रात्री दोनचं परदेशी विमान असेल, तर घरचे आठ वाजताच बॅगा दारात आणून ठेवतात. तीन तास आधी पोचायचं, हे आता अंगवळणी पडलंय. पण हे तीन तास एका दिवसात ठरले नाहीत. एकेक रांग एकेका घटनेनंतर वाढत गेली.

१९६०च्या दशकाअखेर अमेरिकेत विमान अपहरणांचं पेव फुटलं. तोवर तिथे बहुतेक प्रवासी झडतीशिवायच विमानात चढत. ५ जानेवारी १९७३पासून प्रत्येकाची आणि हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली.

२३ जून १९८५ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला काउंटरवर दिली गेली होती. बॅग पुढे गेली, ती देणारा विमानात चढलाच नाही. १९८८मध्ये लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान असंच बॅगेतल्या बॉम्बने फुटलं, २७० जण गेले. मग बॅग आणि प्रवासी यांची जुळणी जगभर कडक होत गेली.

२००१नंतर बूट काढावे लागले, २००६नंतर पाण्याची बाटली टाकावी लागली.

आज बहुतेक काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. म्हणजे बॅग देण्यासाठी हातात दोनच तास. रांगेत चिडचिड होतेच. पण ‘कनिष्क’च्या वेळी त्या बॅगेचा मालक शोधायला विमान थोडं थांबलं असतं, तर?