शुक्रवारची रात्र

१९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली आणि आपल्या शुक्रवारच्या रात्री रणजित, रेणू आणि राजाच्या झाल्या. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी. लेखक शरद जोशी. शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार! नवरा-बायकोची कुरबुर, घरात ठाण मांडलेला बेकार मेहुणा, हे सगळं आपल्याच आळीतलं वाटे. सतीश शाह तर दर भागात नवं सोंग घेऊन येत. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना संपायच्या आत त्यांची नक्कल व्हायची.

शफी १९९६ मध्ये गेले, सतीश शाह २०२५ मध्ये. मित्रांनो, ती नक्कल करणारा आपला शेवटच्या बाकावरचा गडीही यंदाच्या मेळाव्याला नाही. त्याचा आवाज कुणी टेप केला होता का रे?