मॅकिनॅकच्या किल्ल्यावरचं जठर : अन्न चावण्याचा खरा हिशेब

‘एक घास बत्तीस वेळा चावावा’ हे आपण सगळ्यांनीच घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. फौजेत मात्र आम्हाला उलटी सवय लागते. प्रशिक्षणात ताट समोर आलं की पाचदहा मिनिटांत रिकामं करायचं. मग न चावता गिळलेलं अन्न पचतं की नाही? जिवंत माणसाच्या जठरात डोकावून याचं उत्तर शोधलं ते एका फौजी डॉक्टरनंच.

6 जून 1822. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचं मॅकिनॅक बेट. तिथल्या फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण कॅनेडियन मजुराच्या पोटात छर्रे घुसले. किल्ल्यावरचे सर्जन विल्यम ब्यूमाँट धावत आले. हा जगत नाही, असंच त्यांना वाटलं होतं. पण तो जगला. जखम भरली, जठराचं भोक मात्र कायम उघडं राहिलं.

1 ऑगस्ट 1825 रोजी दुपारी बारा वाजता ब्यूमाँटनी मांसाचे चार प्रकार, शिळा पाव आणि कच्चा कोबी यांचे छोटे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. दात नाहीत, लाळ नाही, घसा नाही. अन्न थेट जठरात. एक वाजता दोरा ओढला, तेव्हा पाव आणि कोबी जवळपास निम्मे विरघळले होते, मांस जसंच्या तसं. दोन वाजता पाव, कोबी, डुकराचं मांस आणि उकडलेलं गोमांस साफ नाहीसं झालेलं. कच्चं गोमांस मात्र अजून तग धरून होतं. तीन वाजता सेंट मार्टिनच्या छातीशी दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी मळमळ आणि डोकेदुखी.

म्हणजे जठराचा रस दातांवाचूनही काम करतो. पण दोनशेहून अधिक प्रयोगांनंतर 1833 च्या ग्रंथात ब्यूमाँटनी नोंदवलं, की अन्न जितकं बारीक आणि मऊ, तितकं पचन सोपं. कारण साधं आहे. खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, तीच कुटून टाकली तर लगेच. रस बाहेरून आत शिरत जातो. दात त्याला शिरायला जास्त जागा करून देतात.

एका बाबतीत ब्यूमाँट चुकले. लाळ फक्त घास ओला करते, असं त्यांचं मत होतं. पण 1831 मध्येच जर्मनीच्या लॉईक्स यांनी दाखवलं होतं, की लाळ पिष्टाची साखर करते. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळेच.

पुढे लोक दुसऱ्या टोकाला गेले. होरेस फ्लेचर (1849–1919) या अमेरिकन व्यापाऱ्यानं घासाचं पाणी होईपर्यंत चावा, असा प्रचार केला आणि जगभर अनुयायी मिळवले. येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांचं कुतूहल त्यामुळे चाळवलं. 1903-04 मध्ये त्यांनी अमेरिकी सैन्याच्या इस्पितळ दलातल्या जवानांना सुमारे सहा महिने कमी प्रथिनांच्या आहारावर ठेवलं. जवान धडधाकट राहिले, पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की तेव्हा ठरवलेल्या प्रथिनांपेक्षा कमीतही भागतं. चावण्याच्या आकड्याला त्यातून आधार मिळाला नाही.

तेव्हा बत्तीस हा काही वरून आलेला हुकूम नाही. मऊ भाताला थोडं चावणं पुरतं, भाकरीला जास्त लागतं आणि कच्च्या काकडी-गाजराला सर्वांत जास्त, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती पचवणारा रस माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. त्या दातांनीच फोडाव्या लागतात. ज्यांचे दात गेले आहेत, त्यांनी किसून, शिजवून, कुस्करून घ्यावं. दातांचं काम चुलीवर आणि किसणीवर उरकता येतं, सगळं जठरावर ढकलू नये.

आणि सेंट मार्टिन? प्रयोगांसाठी तो हाताशी राहावा म्हणून त्याला अमेरिकी सैन्यात सार्जंट म्हणून भरती करून पगारपत्रकावर घेतलं होतं. प्रयोगांना कंटाळून अखेर तो कॅनडात आपल्या गावी निघून गेला. 1880 मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून घरच्यांनी तो कुजेपर्यंत ठेवला आणि मग खोल पुरला. ब्यूमाँटचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं. ज्याचं जठर होतं, त्याचंही नाव आपण घ्यायला हवं.

पुढच्या भागात भेटूया. जय हिंद.