जुन्या गाडीचं ऑइल गळतंय? पॅकिंग बदलण्याआधी मूळ कारण शोधा

रात्री अंगणात उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी काळा डाग दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर वरून ऑइल टाकत राहतात, नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन पॅकिंग बदलून घेतात. महिन्या-दोन महिन्यांत डाग पुन्हा दिसायला लागतो. जुन्या सुमो, बोलेरो, मारुती ८०० अशा गाड्यांत हे नेहमीचंच. ऑइल जिथून टपकतं तिथूनच ते गळतं असं नाही आणि दरवेळी दोष पॅकिंगचाच असतो असंही नाही. मूळ कारण तसंच राहिलं, तर नवं पॅकिंगही टिकत नाही.

आधी ऑइल कोणतं ते ओळखा

रात्री इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. काळपट किंवा तपकिरी, बुळबुळीत डाग बहुतेक वेळा इंजिन ऑइलचा असतो. घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट असू शकतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

इंजिन पुसा, मग वरून खाली बघत या

माखलेल्या इंजिनावर गळती सापडत नाही. गार इंजिन डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडं करा. पेट्रोल अजिबात वापरू नका. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वर जिथे ताजी ओल दिसते, तिथून शोध सुरू करायचा. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइल इंजिनच्या मागून उतरून गिअरबॉक्सच्या सांध्यावर टपकतं. तेव्हा क्रँकचं मागचं सील गेल्यासारखं वाटतं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र वरच्या वर बदलता येतं. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी वरची बाजू तपासून घ्या.

गळतीच्या नेहमीच्या जागा

- टॅपेट कव्हर: उष्णतेने रबर कडक होतं. बोल्ट जास्त आवळले तर पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती उलट वाढते.
- ऑइल फिल्टर: जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर ऑइल गळतं.
- चेंबरचा ड्रेन बोल्ट: जुना वॉशर दबलेला असतो किंवा आटे गेलेले असतात.
- ऑइल प्रेशर स्विच: छोटासा असतो, म्हणून नजरेतून सुटतो.
- क्रँकचं पुढचं-मागचं सील: जुन्या सीलने शाफ्टवर घळ पाडली असेल तर नवं सीलही गळतं.

गळती परत परत होते, तेव्हा

दोन-तीन ठिकाणांहून एकदम ऑइल येत असेल, तर इंजिनच्या आत दाब वाढल्याची शंका घ्या. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो ब्रीदर पाइपातून बाहेर निघतो. पाइप काजळीने तुंबला किंवा दुमडला, की हा दाब कमकुवत पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. काही पेट्रोल गाड्यांत या वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, तोही जाम होतो.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश सैल करा. गरम ऑइल उडू शकतं, त्यामुळे तोंड लांब ठेवा. उपरणं, ओढणी बेल्टजवळ नेऊ नका. थोडी वाफ दिसली तर काळजी नाही. झाकण उडायला बघत असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर आधी ब्रीदर साफ करून घ्या. तो मोकळा असूनही झोत थांबत नसतील, तर रिंगा किंवा बोअर झिजले असण्याची शक्यता मोठी. गॅरेजवाले यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशा वेळी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मगच इंजिनच्या कामाचं ठरवा.

सपाट जागेवर ऑइलची पट्टीही बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी गळती होऊ शकते. वरून सिलिकॉन पेस्ट थापणं हा इलाज नव्हे. आत गेलेले त्याचे तुकडे चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑइल पुरत नाही.

इथे मात्र थांबा

ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसंच पुढे नेलं तर इंजिन जाम होऊ शकतं. गरम सायलेन्सर पाइपवर ऑइल पडून धूर येत असेल तर आगीचा धोका आहे. क्लच घसरायला लागला तर मागच्या सीलचं ऑइल प्लेटवर गेलं असू शकतं.

गॅरेजला गेल्यावर नुसतं "पॅकिंग बदला" म्हणू नका. "कुठून गळतंय आणि का गळतंय, ते आधी दाखवा," असं सांगा.